वाकून उभ्या राहणाऱ्यांचं माप

गनीचाचा नव्या गिऱ्हाइकाला आधी कमर विचारत नाहीत. ते विचारतात, "काम कसलं? उभं राहायचं की बसायचं?"

मी म्हणालो, बसायचं. एका ऑनलाइन दुकानासाठी मी मालाची वर्णनं लिहितो.

"दिवसाला किती तास?"

"नऊ."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि मागून पाहिलं. "बसलास की पँट खाली येते आणि शर्ट वर जातो. येणाऱ्याजाणाऱ्याला तुझी पाठ दिसते. ऑफिसात कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मागची बैठक पाऊण इंच उंच बेतली. त्यानंतर मला पँट कधी वर ओढावी लागलेली नाही.

दोन आठवड्यांनी ती पँट धुताना माझं बोट कमरपट्टीच्या आत एका फटीत गेलं. डाव्या बाजूला एक खिसा होता. चार बोटं रुंद, बाहेरून अजिबात न दिसणारा. मी विचारायला गेलो.

"चोरखिसा आहे," चाचा म्हणाले. "त्याचे पैसे घेतले नाहीत मी."

१९९४ साली ते दापोली तालुक्यातल्या आपल्या गावाहून शारजाला आले. अरबांचे पायघोळ कंदुरे शिवण्याच्या कारखान्यात लागले. पहिला पगार खिशात घालून बसमध्ये चढले आणि उतरले तेव्हा खिसा रिकामा होता. त्यांनी स्वतःच्या पँटीला आतून खिसा लावला. मग खोलीतल्या अकरा जणांच्या पँटींना लावला. पुढे दुबईत अल मनखूलमध्ये दुकान टाकल्यावर येईल त्याच्या पँटीला लावत गेले. ते सांगत नाहीत. ज्याचा त्याला तो कधीतरी सापडतो.

त्या दिवसापासून मी करामातल्या माझ्या खोलीवर जाताना रोज दुकानात डोकावू लागलो. मी मराठी घेऊन एमए केलंय हे कळल्यावर चाचा मला साहित्यिक म्हणू लागले. "काय साहित्यिक, आज काय विकलं?" मी सांगायचो, मिक्सर. किंवा उशा. ते गंभीरपणे मान हलवायचे.

जानेवारीत सुजीत दुकानात आला तेव्हा मी तिथे होतो. सुजीत ठाण्याचा, हॉटेलांना यूनिफॉर्म पुरवणाऱ्या एका कंपनीत परचेस बघतो. त्यानं पिशवीतून एक काळी पँट काढून टेबलावर ठेवली. चाचांनीच शिवलेलं सॅम्पल होतं ते.

"चाचा, स्पेसिफिकेशन वाचलं होतं ना? नो पॉकेट्स."

"पुढे नाही, मागे नाही. बघ."

सुजीतनं कमरपट्टी उलटी केली. "आणि हे?"

चाचांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. "हे मी टाकलं?"

"मग मी टाकलं?"

"हातानं टाकलं असणार."

"क्लायंटच्या माणसानं सगळ्यांसमोर आत बोट घातलं, चाचा. माझं तोंड बघायला हवं होतं तुम्ही." तो खुर्चीत बसला. "मी रिक्वेस्ट करून अजून एक चान्स आणलाय. सोमवारी सकाळी. पँट आणि वेस्टकोट. मग खलास."

"पण खिसा का नको?"

"कॅसिनो आहे. टेबलावर पत्ते वाटणाऱ्यांचा यूनिफॉर्म आहे हा. त्यांना खिसा चालत नाही."

"का पण?"

"मला काय माहीत? मी कपडे पोचवतो."

चाचांनी पँटीची घडी घातली. "तो माणूस उभा कुठं राहतो ते मला बघायला पाहिजे."

"बिल्डिंग अजून उघडलेली नाही. आत कुणाला सोडत नाहीत."

"मग बाहेरून बघतो."

सुजीतनं माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलेन म्हणून. 

हे काम किती मोठं होतं ते सुजीत गेल्यावर मला कळलं. तीनशे चाळीस माणसं, प्रत्येकी दोन जोड. चाचांचं शाळेच्या गणवेशाचं काम दोन वर्षांपूर्वी तयार कपड्यांच्या दुकानाकडे गेलं होतं. चार कारागिरांपैकी एक उरला होता. फेब्रुवारीअखेर दुकानाचं लायसन संपत होतं. हे काम मिळालं तर ते पुढे चालणार होतं. नाही तर दुकान बंद, व्हिसा बंद, आणि चाचा कायमचे गावाला.

त्यांना गावाला जायचं नव्हतं. घर चांगलं आहे, हाफिजाचाची आहेत, आंबे आहेत. "तिथे माझ्या हाताला काय काम?" एवढंच ते म्हणाले.

आणखी एक गोष्ट होती. जुगाराच्या जागेसाठी शिवावं की नाही, हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं. सॅम्पल केलं तेव्हा सुजीत फक्त हॉटेल म्हणाला होता. मी त्याबद्दल विचारलं.

"न बघता हो म्हणणं खोटं," चाचा म्हणाले. "न बघता नाही म्हणणं पण खोटंच."

चाचींना त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. स्पीकरवर त्यांचा आवाज आला. "जुगाराच्या ठिकाणी जाणार तुम्ही?"

"बघायला."

"बघायलाच जातात सगळे आधी."

चाचांनी स्पीकर बंद केला.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मी बरोबर हवा होतो, कारण फोनवर खोली मी बुक करणार होतो. बजेट चाचांनी ठरवलं होतं. "तीनशे दिरहम. म्हणजे सात हजार दोनशे. दोघांचं जाणं, येणं, राहणं, खाणं. जास्त झाले तर तू चालत ये."

देऱ्यातून रास अल खैमाची बस मिळाली. तिकीट सत्तावीस दिरहम. "साडेसहाशे," चाचा म्हणाले. "साडेसहाशेत माणूस दापोलीहून मुंबईला पोचतो आणि वर जेवतो." पण ते खूश होते. खिडकीशी बसून त्यांनी ड्रायव्हरचा कोट, पुढच्या सीटवरच्या पठाणाची सलवार आणि एका फिलिपिनो मुलीचं जाकीट, असं सगळं क्रमानं पाहिलं. डाव्या बाजूला वाळू होती, मग कुंपण, मग पुन्हा वाळू. मांडीवरच्या डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सोड्याची चटणी होती. वास बसभर पसरला. 

वाटेत अबू धाबीहून त्यांच्या मुलीचा, हिबाचा फोन आला. ती मोहम्मद बिन झायद सिटीत राहते. तिच्या सात वर्षांच्या रुहाननं फोन ओढून घेतला. "नाना, आर यू गोइंग टू गॅम्बल?"

"नाही रे राजा. माप घ्यायला चाललोय."

"मेझर व्हॉट?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. "ते बघून सांगतो," ते म्हणाले.

खोली जुन्या गावात होती. एकशे दहा दिरहम, दोन खाटा, एक खिडकी. चाचांनी खिडकी उघडली नाही. पडद्याची खालची दुमड हातात घेऊन पाहिली. "घाईत केलंय," म्हणाले आणि आम्ही निघालो.

ज्या बेटावर ते कॅसिनोचं हॉटेल उभं राहतंय तिथे टॅक्सीनं जायला तीस दिरहम लागले. चाचा मीटरकडे बघत होते, मी पुढे. लांबून आधी क्रेन दिसल्या, मग तो मनोरा. तांब्याच्या रंगाचा, जरासा वळलेला, इतका उंच की मान मागे टाकली तरी वरचं टोक नीट दिसेना. आजूबाजूला अजून बरीच मोकळी वाळू होती. दोन्हीकडे समुद्र.

 एका माणसाच्या पँटीपायी आम्ही इथवर आलो होतो. हे एवढं मोठं बांधणाऱ्यांनी त्या माणसाच्या खिशाचा विचार करून ठेवला होता, तो नको म्हणून.

फाटकावर नेपाळी वॉचमन होता. चाचांनी त्याला हिंदीत विचारलं, "दिवसभर कुठं उभा राहतोस?"

त्यानं एका सावलीच्या चौकोनाकडे बोट केलं. "सावली सरकते तसा मीही सरकतो."

"बूट चावतो?"

"डावा."

"आत एक नजर टाकू देशील? जिथं पत्त्यांची टेबलं लागणार ती जागा."

वॉचमन हसला. "अंकल, मी दहा महिने इथं आहे. मीच आत गेलो नाही."

मग चाचांनी दुसरी युक्ती काढली. शेजारी एक मोठं रिसॉर्ट चालू होतं. चाचांनी स्वतः शिवलेला निळा ब्लेझर घातला होता, गळ्यातली टेप त्याच्या आत दडवली होती. ते कुणाकडे न बघता सरळ आत शिरले. मी मागोमाग. कुणी अडवलं नाही. लॉबीत खजूर आणि अरबी कॉफी ठेवली होती. एका मुलीनं दोन छोटे कप आणून दिले.

"किती?" मी हळूच विचारलं.

"हे फुकट असतं. पाहुण्याला देतात." त्यांनी एकच खजूर घेतला. मी तीन घेतले.

सोफ्यावर बसून त्यांनी वीस मिनिटं काम करणाऱ्यांना पाहिलं. सामान उचलणारा, फुलं बदलणारी, दारातला उंच सुदानी. "हा ताठ उभा राहतो, म्हणून कोट बसलाय. त्या पोराला तोच कोट दिला तर लोंबेल." मेनूकार्डावर साधी कॉफी बत्तीस दिरहमला होती. आम्ही उठलो.

किनाऱ्यावर डबा उघडला. बरेच रशियन होते, उघड्या पाठींनी उन्हात पडलेले. चाचा समुद्राकडे तोंड करून जेवले.

"काय कळलं?" मी विचारलं.

"काही नाही. इथं काय खेळतात, कसे उभे राहतात, हात कुठं असतो, काही नाही. अंदाजानं शिवायचं म्हणजे पुन्हा तेच होणार."

त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळला. पहिल्यांदाच ते मला म्हातारे वाटले.

रविवारी सकाळी परतीच्या बसला दोन तास होते. खोलीखालच्या कॅफेटेरियात आम्ही चहा घ्यायला गेलो. दीड दिरहमचा कडक चहा. गल्ल्यावर मलबारी मालक. शेजारच्या टेबलावर काळी पँट, पांढरा शर्ट आणि काळा वेस्टकोट घातलेली पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी फोनवर बोलत होती.

"होय गो आये, जेवलंय मी. नाय गो, मासे गावतत हंय."

चाचांनी कप खाली ठेवला. तिचा फोन संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "बाळा, मालवणची का वेंगुर्ल्याची?"

ती दचकली आणि हसली. "वेंगुर्ला. तुमी?"

"दापोली."

"म्हणजे तसे लांबचेच."

"इथून मोजलं तर शेजारीच."

तिचं नाव सृष्टी. गोव्यात मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, त्यातल्या एकीवर तिनं चार वर्षं पत्ते वाटले होते. आता इथे आली होती. हॉटेल उघडायच्या आधी नव्या मुलांचा सराव चालू होता आणि ती त्यांना शिकवत होती. वर्ग दहाला भरायचा.

चाचा माझ्याकडे वळले. इतका उजळलेला चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. "विचार," ते मला म्हणाले. मग स्वतःच विचारू लागले.

"उभं कुठं राहतात?"

"टेबलाच्या आतल्या बाजूला. टेबल कमरेपर्यंत येतं."

"किती वेळ?"

"तास झाला की वीस मिनिटं सुट्टी. मग पुन्हा तास. अशी पाळी संपेपर्यंत."

"आणि हात?"

"हातांचंच तर सगळं असतं चाचा." तिनं दोन्ही तळवे एकमेकांवर हलके आपटले, बोटं पसरली, तळवे वर केले, मग खाली. "टेबल सोडताना हे करायचं. वर कॅमेरा असतो. त्याला दाखवायचं, हातात काही नाही. नाक खाजलं तरी आधी हे करायचं, मग नाक."

मी तसं करून पाहिलं. चाचांनीही केलं.

"चुकून खांद्याला हात लागला तर?" मी विचारलं.

"वरून फोन येतो."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

"आणि खिसा?" चाचांनी विचारलं. "खिसा का नको? माणसाचं ओळखपत्र असतं, बायकोचा फोन येतो, रुमाल असतो. अंगावर स्वतःचं काहीच ठेवायचं नाही?"

"लॉकरमध्ये ठेवायचं."

"पण एवढा संशय?"

सृष्टीनं जरा विचार केला. "मलाही आधी तसंच वाटायचं. मग एकदा माझ्या टेबलावरची एक चिप कमी भरली. चिप म्हणजे पैशांऐवजी खेळतात ती चकती. मोठी होती. झडती झाली. माझ्या अंगावर ठेवायला जागाच नव्हती, दोन मिनिटांत सोडलं. माझ्या बाजूच्या मुलानं त्या दिवशी घरची पँट घातली होती. यूनिफॉर्म धुवायला दिलेला. त्याला खिसे होते. त्याला दोन तास बसवून ठेवलं."

"त्यानं घेतली होती?"

"नाही. चिप नंतर गिऱ्हाइकाच्या ग्लासाखाली सापडली. पण त्याला म्हणाले, उद्यापासून येऊ नको."

"खिसा होता म्हणून?"

"खिसा होता म्हणून."

चाचांनी गळ्यातली टेप काढली. गुंडाळली. टेबलावर ठेवली. टेप गळ्यात नसलेले चाचा मी त्याआधी पाहिले नव्हते.

 ते सॅम्पल पास झालं असतं, तर तसा खिसा असलेल्या पँटी टेबलामागे उभ्या राहिल्या असत्या. घालणाऱ्याला तो दोन आठवड्यांनी सापडला असता, मला सापडला तसा. किंवा झडती घेणाऱ्याला आधी सापडला असता. तीस वर्षं लोकांना सांभाळणारी ती चार बोटांची जागा इथे एखाद्याची नोकरी घेऊन गेली असती. चाचा हेच धरून बसले होते, ते त्यांच्याकडे बघून कळत होतं.

सृष्टी उठली. खाली ठेवलेली पिशवी घ्यायला वाकली. चाचांनी लगेच नजर रस्त्याकडे वळवली. पण त्यांना जे दिसायचं ते दिसलं होतं.

"बाळा, मागे पिन कशाला लावलीस?"

तिनं पाठीमागे हात नेला. "ती होय. वाकलं की वेस्टकोट वर जातो आणि शर्ट सुटतो. मग पाठ उघडी पडते. खेळणाऱ्यांच्या गर्दीत बरं वाटत नाही. बोटीवर आम्ही सगळ्या पिना लावायचो. इथेही लावतो."

"दिवसभरात किती वेळा वाकता?"

"अख्खा वेळ. टेबल रुंद असतं. समोरच्या टोकाच्या चिप्स गोळा कराव्या लागतात."

"म्हणजे तुम्ही उभं राहत नाहीच," चाचा म्हणाले. "तुम्ही वाकून उभं राहता."

त्यांनी टेप उचलली. "वेदांग, ऊठ."

समोशांच्या काचेच्या कपाटाची उंची बरोबर कमरेइतकी होती. मला त्याच्यामागे उभं केलं. सृष्टी पलीकडे जाऊन सांगू लागली. "वाक. अजून. हात लांब. आता चिप्स ओढून घे." मी नसलेल्या चिप्स ओढल्या. चाचा माझ्या पाठीवर टेप धरून मोजत होते, मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत. "ताठ हो. आता वाक. डावीकडे वाक." दोन पाकिस्तानी ड्रायव्हर चहा हातात धरून थांबले होते. मलबारी मालक म्हणाला, "हबीबी, यल्ला, समोसा निकालना है."

"एक मिनट, भाई."

ताठ असताना आणि वाकल्यावर पाठीत अडीच इंचांचा फरक पडत होता. चाचांनी तो आकडा बिलाच्या मागे लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. सृष्टीच्या चहाचे पैसे त्यांनी दिले. ती नको म्हणाली. "दीड दिरहम," चाचा म्हणाले. "छत्तीस रुपये. एवढं बजेटात बसतं."

बसमध्ये ते झोपले नाहीत. बिलाच्या पाठीवर पेन्सिलनं आकृत्या काढत राहिले. मी विचारलं, "मग करणार ना काम?"

"उद्या बघ."

सोमवारी मी ऑफिसात उशिरा येतो म्हणून कळवलं. दहाला सुजीत आला. कापायच्या टेबलावर एक काळा वेस्टकोट होता. बाकी काही नव्हतं.

"पँट?"

"पँट मी करणार नाही."

सुजीतनं मोबाइल खाली ठेवला. मीही चमकलो. आदल्या दिवशी त्यांनी इतकं मोजलं होतं की ते दोन्ही करतील असंच मी धरून चाललो होतो.

"चाचा, कॅसिनोचं काम नको असेल तर सरळ सांगा. मला वाईट वाटणार नाही."

"ते सांगायचं असतं तर तीनशे दिरहम घालून गेलो असतो का? पँटीत माझा हात खिसा टाकतो. मी सांगितलं नाही तरी टाकतो. सहाशेऐंशी पँटी. एकीत राहिला तर ती कुणाच्या अंगावर जाईल मला कळणार नाही. त्यालाही नाही. झडतीत कळेल."

"मी चेक करून घेईन ना. माणूस बसवतो."

"पहिली पण मी चेक केली होती."

सुजीत टेबलावरच्या वेस्टकोटाकडे वळला.

"वास्कटात मी कधी खिसा टाकला नाही," चाचा म्हणाले. वेस्टकोटाला ते वास्कटच म्हणतात. "आपला माणूस इथं येऊन वास्कट घालत नाही. हाताला ती सवयच नाही. हा घाल."

"मी?"

"मापात बसतो तुझ्या. घाल आणि टेबलावर वाक."

सुजीतनं घातला. वाकला. चाचांनी त्याच्या मागे आरसा धरला आणि मी पुढचा मोठा आरसा फिरवला. वेस्टकोट जागचा हलला नाही. सुजीत ताठ झाला, पुन्हा वाकला, मग टेबलाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत हात नेला. पाठ झाकलेली होती.

"हे कसं केलं?"

"मागे दोन चुण्या आहेत. ताठ राहिलं की मिटतात, वाकलं की उघडतात. अस्तर जास्त लागतं."

सुजीत आणखी दोनदा वाकला. मग अंगातून काढून त्यानं तो उलटा करून पाहिला. सगळीकडे बोटं फिरवली. चाचा त्याच्या बोटांकडे बघत होते.

"फक्त वास्कट देतो, पँट दुसऱ्याला द्या, असं कोण म्हणतं चाचा? क्लायंटला सेट लागतो."

"विचारून बघ. नाही म्हणाले तर नाही. इन्शाल्ला, काहीतरी होईल."

तो वेस्टकोट घेऊन गेला. मी चाचांना विचारलं, "आणि तुमचं ते दुसरं? शिवावं की नाही, ते ठरलं?"

ते खडूचा चुरा टेबलावरून झाडत होते. "तिथं काय चालतं ते मला पटत नाही. ते बघून आल्यावर पण पटलं नाही. पण पोरगी वाकली की तिची पाठ झाकलेली पाहिजे. तेवढं काम माझं आहे. बाकीचं वर गेल्यावर विचारतील तेव्हा सांगेन."



नऊ दिवस फोन आला नाही. चाचा रोज दुकान उघडत होते. एका शिक्षिकेच्या दोन कुर्त्या आणि कुणाच्या तरी मुंजीचा कोट, एवढंच काम होतं. उरलेल्या कारागिराला त्यांनी दुसरीकडे बघून ठेवायला सांगितलं. आंब्यांना मोहोर आल्याचे फोटो चाचींनी पाठवले होते. ते त्यांनी मला दोनदा दाखवले, मोठे करून.

दहाव्या दिवशी दुपारी सुजीतचा फोन आला. पँटी शारजाच्या एका कारखान्याला गेल्या होत्या. वेस्टकोट चाचांना. सहाशेऐंशी, एप्रिलपर्यंत. पैसे सेटच्या निम्म्याहून कमी. चाचांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब केला. लायसन, भाडं, दोन कारागीर. एक वर्ष निघत होतं. त्यापुढचं नाही.

मला ते कमी वाटलं. चाचा मात्र लगेच चाचींना फोन लावून बसले.

"एक वर्ष थांबतोय."

"जुगारवाल्यांचंच ना?"

"त्यांचंच. पाठ झाकायचं काम आहे."

"कुणाची?"

"पोरींची. पोरांची पण. दिवसभर वाकून उभी राहतात. आपल्या वेंगुर्ल्याची एक आहे त्यात. पिन लावून काम करते."

 पलीकडे कुठेतरी कोंबडा ओरडत होता.

"मग नीट झाका," चाची म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मीना बाजारात अस्तर घ्यायला गेलो. ओळखीचा सिंधी दुकानदार होता. चाचांनी काळ्या सॅटिनचा अख्खा तागा उलगडायला लावला आणि किती वार हवं ते सांगितलं. दुकानदारानं कॅल्क्युलेटरवर भागाकार केला.

"मास्टर, एका वेस्टकोटाला इतकं लागत नाही. कुठेतरी चुकताय."

"ह्याला लागतं," चाचा म्हणाले आणि कापड बोटांत धरून उजेडाकडे वळले.